उजव्या हाताला नदी

जबलपूरला उतरलेला पाहुणा पहिल्यांदा विचारतो तो भेडाघाटचा रस्ता. संगमरवरी कडे, धुवांधार आणि नावेतली फेरी झाली की त्याचं जबलपूर संपतं. शहराच्या मध्यावरचं नेपियर टाउन त्याला मुक्कामापुरतंच ठाऊक असतं. नाव इंग्रजी, वस्तीही इंग्रजी अमदानीतली, शेजारचं राइट टाउनही तसंच. पण या शहरातल्या लेखक, विचारवंत आणि कलावंतांचा माग काढायला गेलं की पावलं याच बाजूला वळतात. हिंदीतले थोर व्यंगकार हरिशंकर परसाई नेपियर टाउनमध्ये राहत. पुढे ओशो म्हणून जगभर गाजलेले रजनीश इथल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. भंवरताल बागेतल्या ज्या बकुळीखाली आपल्याला ज्ञान झालं असं ते सांगत, ते झाड पाहायला आजही लोक येतात. बागेजवळच राणी दुर्गावती संग्रहालय आहे आणि तिथे नर्मदाखोऱ्यातली जुनी शिल्पं पाहायला मिळतात.

या प्रकरणाचा नायक याच परिसरातला. अमृतलाल वेगड यांचं घर राइट टाउनमध्ये होतं. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांमुळे. त्यांचं शिक्षण मात्र चित्रकलेचं होतं आणि नोकरीही चित्रकलेच्या शिक्षकाचीच. लेखणी मागाहून आली, पण कीर्ती आधी तिच्या वाट्याला गेली. त्यामुळे चित्रकार वेगड लेखक वेगडांच्या सावलीत राहिले. चित्रकाराला त्याचा विषय कुठे सापडतो, या प्रश्नाला बहुतेक चरित्रं मुंबई, पॅरिस, लंडन अशी उत्तरं देतात. वेगडांना तो घरापासून आठ-दहा किलोमीटरवर सापडला, तोही वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

अडीच फुटी रुळांवरून

वेगड कुटुंब मूळ कच्छमधल्या माधापरचं, मिस्त्री समाजातलं. हा समाज बांधकामात मुरलेला. देशात लोहमार्ग पसरू लागले तसे या समाजातले कंत्राटदार आणि कारागीर पूल, बोगदे, स्थानकं बांधत दूरदूर गेले. अमृतलाल यांचे वडील गोवामल जीवण वेगड १९०६ मध्ये जबलपूरला स्थायिक झाले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या गोंदिया ते जबलपूर मार्गावर ते कंत्राटदार होते. ही सातपुड्यातली प्रसिद्ध छोटी लाइन. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. गोंदिया, बालाघाट, नैनपूर करत, साल-सागाच्या रानातून जाणारी ही गाडी विदर्भातल्या कितीतरी घरांच्या आठवणीत आहे. जबलपूरला पोचण्याआधी ती ग्वारीघाटाशी नर्मदा ओलांडायची. २०१५ मध्ये ती बंद झाली. आता तिथे मोठे रूळ आहेत.

३ ऑक्टोबर १९२८ रोजी जबलपुरातच अमृतलाल यांचा जन्म झाला. घरात गुजराती, रस्त्यावर हिंदी, असं बालपण. जबलपूर तेव्हाही अनेक भाषांचं शहर होतं. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, मग इंग्रज आले. १८७० मध्ये मुंबईहून आलेला आणि कलकत्त्याहून आलेला असे दोन लोहमार्ग इथेच एकमेकांना मिळाले. छावणी, तोफगाड्यांचा कारखाना, कचेऱ्या यांच्यामागे मराठी, बंगाली, गुजराती, तमिळ कुटुंबं येत राहिली. अशा शहरात वाढलेल्या मुलाला कोणतीही एक भाषा परकी वाटत नाही. पुढे वेगडांनी हिंदी आणि गुजराती या दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लिहिलं, त्याचं मूळ इथे आहे.

अजिंठ्याहून निघालेली रेषा

वीस वर्षांचे अमृतलाल १९४८ मध्ये शांतिनिकेतनला गेले आणि १९५३ पर्यंत कलाभवनात शिकले. गुरू नंदलाल बोस. वेगड समजून घ्यायचे तर ही गुरुपरंपरा थोडी मागे जाऊन पाहावी लागते, कारण तिचा एक धागा आपल्या मराठवाड्यातून जातो आणि दुसरा थेट आयर्लंडला पोचतो.

मार्गारेट नोबल ही आयर्लंडमधल्या डंगॅनन गावची मुलगी. १८९८ मध्ये ती कलकत्त्याला आली आणि स्वामी विवेकानंदांची शिष्या भगिनी निवेदिता झाली. कलकत्त्यातल्या तरुण चित्रकारांनी युरोपीय तैलचित्रांच्या नकला करत बसू नये, आपल्या भिंतींकडे पाहावं, असा तिचा आग्रह असे. १९०९ मध्ये लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आली. तिच्या मदतीला तरुण नंदलाल आणि असितकुमार हालदार यांना धाडण्यामागे निवेदिताची खटपट होती. लेण्यांच्या अंधारात, ओल्या भिंतींसमोर महिनोन् महिने उभं राहून नंदलालांनी एक गोष्ट उचलली. अजिंठ्याचा चित्रकार आकृती भरतो ती छायाप्रकाशाने कमी आणि रेषेने जास्त. एकच वळणदार रेषा खांद्यावरून मनगटापर्यंत उतरते आणि माणूस उभा करते. १९२१ मध्ये नंदलालांनी धार जिल्ह्यातल्या बाघ लेण्यांतल्या चित्रांच्याही प्रतिकृती केल्या. बाघ हे नर्मदाखोऱ्यातलं ठिकाण. म्हणजे शिष्य जन्मण्याआधीच गुरू त्या खोऱ्यात रेषा गिरवून गेले होते.

नंदलालांची दुसरी शिकवण हरिपुराची. १९३८ मध्ये गुजरातमधल्या हरिपुरा इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी जवळपास ऐंशी मोठी चित्रं केली. हातकागदावर साधे मातकट रंग, ठसठशीत रेषा. चित्रांत राजेराण्या नव्हत्या. ढोलकी वाजवणारा, चांभार, धान्य कांडणारी बाई, बैल आवरणारा गडी असे लोक होते, आणि पाहणारेही तेच. कलाभवनात शिकणाऱ्यांनी खोलीत बसून मॉडेल रंगवण्यापेक्षा संथाळांच्या वस्तीत, बाजारात, शेताच्या बांधावर जाऊन रेखाटावं, अशी तिथली रीत होती. नंदलाल स्वतः प्रवासात पोस्टकार्डांवर चित्रं काढून मित्रांना आणि शिष्यांना धाडत. आपल्या कागदाचा आकार खिशात मावेल एवढा असला तरी चालतो, हे त्यांचे विद्यार्थी रोज पाहत होते.

वेगड तिथे होते त्या काळात कलाभवनाकडे देशाचं एक मोठं काम आलेलं होतं. राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. अक्षरं प्रेमबिहारी नारायण रायजादा यांची. त्यातल्या उद्देशिकेच्या पानाची नक्षी केली ती जबलपूरच्याच ब्यौहार राममनोहर सिंहा यांनी, आणि त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात तळाशी त्यांची छोटीशी ‘राम’ अशी सही आहे. जबलपूरच्या शहीद स्मारकाच्या भिंतींवरची स्वातंत्र्यलढ्याची चित्रंही राममनोहर यांचीच. नंदलालांचे दोन शिष्य एकाच शहरातले. एकाच्या कामाची छापील प्रत देशभर पोचली, दुसऱ्याला आपलं काम सापडायला अजून पंचवीस वर्षं लागायची होती.

निरोप देताना नंदलालांनी शिष्याला बजावलं होतं की यशस्वी होण्याच्या मागे लागू नकोस, आयुष्याला अर्थ येईल असं काही कर. वेगडांनी हा उपदेश जन्मभर सांगितला. पण ऐकताना सोपा वाटणारा हा सल्ला पाळायचा कसा, हे गुरूने सांगितलं नव्हतं.

दोन वाटा, एक नदी

शिक्षण संपवून वेगड जबलपूरला परतले आणि तिथल्या ललितकला संस्थेत शिकवू लागले. जलरंग हे त्यांचं आवडतं माध्यम, तैलरंगही हाताळत. लग्न झालं, मुलं झाली, दर वर्षी नवे विद्यार्थी येत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला यात चरित्र लिहावं असं काही दिसलं नसतं.

याच काळात याच नदीकाठचा दुसरा एक चित्रकार जगाच्या नकाशावर आला होता. सैयद हैदर रझा वेगडांपेक्षा सहा वर्षांनी मोठे, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचे. वडील वनखात्यात. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे.त शिकून १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले. मंडल्याचं रान, अंधार, शाळेत भिंतीवर दाखवलेला ठिपका हे सगळं त्यांच्या चित्रांत ‘बिंदू’ होऊन परत आलं. २०१० मध्ये त्यांच्या ‘सौराष्ट्र’ या चित्राला लिलावात सोळा कोटींहून अधिक रुपये मिळाले. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना मूठमाती मिळाली.

रझांना नदी दुरून दिसली. सात समुद्रांपलीकडच्या अंतराने तपशील गाळून टाकले आणि मागे राहिली ती भूमिती आणि रंग. वेगडांनी उलट केलं. ते इतक्या जवळ गेले की तपशिलांशिवाय त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. घाटाची तुटलेली पायरी, ओल्या लुगड्याचा पिळा, हजामासमोर मान खाली घालून बसलेला यात्रेकरू, हाच त्यांचा ऐवज. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात पहिल्या वाटेला पानंच्या पानं मिळतात, दुसरीला तळटीप. बाजारभावात या दोघांची तुलना होऊच शकत नाही. पण एका प्रदेशातून उगवलेल्या दोन चित्रकारांनी आपापल्या गावाचं काय केलं, हे शेजारी ठेवून पाहिलं की ‘मोठं व्हायला बाहेर पडावंच लागतं’ हा समज जरा सैल होतो.

परिक्रमेची चौकट

१९७७ च्या शरदात वेगड काही विद्यार्थ्यांना घेऊन जबलपूरहून मंडल्याकडे पायी निघाले, नर्मदेच्या काठाकाठाने. पाठीवर पिशवी, पिशवीत रेखाटनाची वही. ती त्यांची पहिली पदयात्रा.

नर्मदा परिक्रमा महाराष्ट्राला नवी नाही. वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबेस्वामींची समाधी नर्मदाकाठच्या गरुडेश्वरला आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने परिक्रमा मराठी घरांत नेली आणि जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर तर दर वर्षी मराठी परिक्रमावासीयांचे जथे निघू लागले. नियम साधे पण करकरीत आहेत. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची. पात्र कुठेही ओलांडायचं नाही. अमरकंटकला उगमाला वळसा घालायचा आणि भडोचपुढे संगमाशी मात्र नावेने समुद्राच्या बाजूने पलीकडे जायचं. चातुर्मासात थांबायचं. शास्त्राप्रमाणे पूर्ण परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २,६०० किलोमीटरच्या वर चालणं होतं. आडवळणं, ओढ्यांचे वळसे आणि जंगलातले फेर धरले तर पावलं त्याहून बरीच जास्त पडतात.

वेगड शिक्षक होते, संसारी होते. तीन वर्षं घर सोडणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी खंडपरिक्रमा केली. सुट्टीत निघायचं, काही आठवडे चालायचं आणि परतायचं. पुढल्या खेपेला जिथे सोडलं तिथूनच पुन्हा पहिलं पाऊल. पहिलं दशक अशा तुकड्यांत गेलं, मग मध्ये बरीच वर्षं खंड पडला आणि सत्तरीकडे झुकल्यावर उरलेला काठ त्यांनी पुरा केला. एक परिक्रमा, वीस वर्षांहून जास्त काळ.

आपण पुण्यासाठी चाललो नाही, सौंदर्यासाठी चाललो, असं ते मोकळेपणाने सांगत. पण म्हणून त्यांनी परंपरेचे नियम झुगारले नाहीत. याचं कारण चित्रकाराच्या दृष्टीने समजण्यासारखं आहे. नदी ओलांडायची नाही या अटीमुळे समोरचा काठ कायम समोरच राहतो. त्याच्याकडे रोज पाहता येतं, जाता येत नाही. तिथल्या माणसांच्या आकृती होतात, झाडांचे ठिपके होतात, घाटाच्या पायऱ्यांच्या आडव्या रेघा होतात. आणि ज्या काठावर आपण चालतो तिथली माणसं मात्र हातभर अंतरावर असतात, जेवायला वाढतात, रात्री ओसरीवर जागा देतात. लांबचं आणि जवळचं अशी चित्राची दोन्ही अंतरं परिक्रमेच्या नियमातच आयती मिळतात. सदावर्ताची प्रथा, अनोळखी पाहुण्याला डाळ-तांदूळ देणारी गावं, ‘नर्मदे हर’ म्हणताच उघडणारी दारं, यामुळे चित्रकाराला पैशांशिवाय, वशिल्याशिवाय घराच्या आत शिरता येत होतं. शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत अशी सोय नाही.

पेन्सिल, कात्री आणि डिंक

पायी चालणाऱ्याच्या पाठीवर इझल आणि रंगांच्या नळ्या टिकत नाहीत. वाटेत वेगड रेखाटनं करत, भराभर, थोडक्या रेषांत. अंघोळ करणारी बाई स्थिर उभी राहत नाही. मुंडण चालू असताना न्हाव्याचा हात थांबत नाही. नावेत चढणारी गर्दी कुणासाठी खोळंबत नाही. अशा वेळी सावल्या, छटा, बारकावे यांना फुरसत मिळत नाही. उरते ती शरीराची ढब. वाकणं, तोल सावरणं, डोक्यावर ओझं घेऊन चढणं. नंदलालांनी अजिंठ्याहून आणलेली रेषा इथे कामाला आली. त्यांच्या पुस्तकांत मजकुरासोबत छापलेली रेखाटनं नीट पाहिली तर ध्यानात येतं की चेहऱ्यांवर डोळे-नाक फार क्वचित तपशिलाने येतात, पण बसण्या-उठण्याच्या तऱ्हेवरून माणूस कोणत्या वयाचा, किती थकलेला, कशाच्या घाईत आहे हे कळतं.

घरी परतल्यावर दुसरं काम सुरू होई. रेखाटनांवरून ते मोठी कोलाजं करत. कोलाज म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र. १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी चित्रावर छापील कागद, वर्तमानपत्रांचे तुकडे चिकटवले आणि या प्रकाराला आधुनिक कलेत मान मिळाला. त्यांना चित्राच्या सपाट पृष्ठभागाशी खेळायचं होतं. वेगडांचा हेतू वेगळा. ते रंगीत मासिकांची छापील पानं कापत आणि त्या तुकड्यांतून घाट, डोंगर, पाणी, लुगडी, पागोटी उभी करत.

या पद्धतीत एक गंमत आहे. जलरंगात चित्रकार हवी ती छटा पाण्यात मिसळून करतो. कागदात तसं करता येत नाही. जो रंग छापून आला तोच. म्हणून नर्मदेच्या पाण्याची एक नेमकी निळसर-हिरवी झाक हवी असेल तर ती सापडेपर्यंत मासिकं चाळायची. एखाद्या जाहिरातीतली चमकदार गाडी कापली की तिच्या पत्र्यावरचा प्रकाश पाण्यावरचा प्रकाश होऊ शकतो. एखाद्या छायाचित्रातली भिंत दगडी घाटाचा पोत देते. जवळून पाहिलं तर जुनी छपाई दिसते, दोन पावलं मागे सरकलं की घाटावरची सकाळ. कात्रीची कड पेन्सिलीपेक्षा कठोर असते, त्यामुळे आकृत्यांना हरिपुराच्या चित्रांसारखा ठसठशीतपणा येतो. वाटेत रेषेने जे टिपलं, त्याला घरी कागदाने अंग दिलं.

माध्यम स्वस्त होतं, हेही विसरू नये. लहान शहरातल्या शिक्षकाला परदेशी रंग परवडत नसत. रद्दीतल्या मासिकांना, कात्रीला आणि डिंकाला कुणाच्या कृपेची गरज नव्हती. शिवाय ही चित्रं ज्यांच्याविषयी होती, त्या माणसांच्या घरातही गोधडी तुकडे जोडूनच शिवली जाते.

त्यांच्या चित्रांत नदी पुष्कळदा एका पट्टीइतकीच असते. बाकी सगळी जागा माणसांनी घेतलेली. नर्मदेचा चित्रकार म्हणून नावाजलेला माणूस पाण्यापेक्षा काठ जास्त काढतो, ही पहिल्यांदा खटकणारी गोष्ट हळूहळू पटत जाते. नदीची ओळख तिच्याकडे येणाऱ्यांमुळे होते, असं त्यांच्या चौकटी सांगतात.

मग लेखणी

यात्रांच्या हकिकती लिहिताना वेगडांनी चित्रकाराचीच सवय ठेवली. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हे पहिलं पुस्तक. मग ‘अमृतस्य नर्मदा’, ‘तीरे-तीरे नर्मदा’. हिंदीत लिहून त्यांनी ती स्वतःच गुजरातीतही आणली. गुजराती ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी, बंगाली, इंग्रजीतही ही पुस्तकं गेली.

मराठीतलं परिक्रमेचं लेखन बहुतांशी साधकाचं आहे. त्यात परीक्षा असते, अनुभव असतात, श्रद्धेची कसोटी असते, शूलपाणीच्या झाडीतली लूट असते. वेगडांच्या पानांवर चमत्कार जवळजवळ नाहीत. दुपारच्या उन्हात दगडांचा रंग कसा पालटतो, एखादी म्हातारी भाकरी थापताना हात कसा फिरवते, एका गावातल्या लोकांच्या बोलण्याचा ठेका पुढच्या गावात कसा बदलतो, हे ते लिहितात, आणि अधूनमधून स्वतःवरच मिस्कील हसतात. वाक्यं छोटी, रेखाटनासारखी. साधकाच्या आणि चित्रकाराच्या पुस्तकांत एकच वाट, तीच धर्मशाळा, तीच खिचडी येते. दोन्ही प्रकार एकापाठोपाठ वाचले तर पाहणाऱ्याच्या तयारीने रस्ता किती बदलतो ते समजतं.

बुडालेला काठ

वेगडांच्या कामाला एक असं मोल चढलं, जे त्यांनी स्वतः ठरवून कमावलं नव्हतं. १९७७ मध्ये ते जबलपूर-मंडला वाटेने गेले तेव्हा बरगी धरणाचं काम सुरू झालेलं होतं. १९९० च्या सुमारास ते पुरं झालं. त्याचा जलाशय मंडल्याच्या दिशेने सुमारे पंचाहत्तर किलोमीटर पसरला आणि १६२ गावांना त्याचा फटका बसला. ज्या काठाने पहिली पदयात्रा झाली तो बराचसा पाण्याखाली गेला. २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्यासाठी हरसूद हे गाव नव्हे, अख्खं शहर रिकामं झालं. खाली सरदार सरोवर धरणाने शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर गिळलं आणि परिक्रमावासी ज्या झाडीला भीत आले होते तिचाही मोठा भाग बुडवला.

ही कहाणी महाराष्ट्राचीही आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा ५४ किलोमीटर वाहते. तिथली मणिबेली आणि इतर आदिवासी गावं याच पाण्याखाली गेली. मेधा पाटकरांचा लढा तिथूनच उभा राहिला. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून बडवानीजवळच्या कसरावदला नदीकाठी जाऊन राहिले. या लढ्याची कागदपत्रं, न्यायालयाचे निकाल, पुनर्वसनाचे आकडे सापडतात. पण बुडण्याआधी त्या घाटांवर सकाळी किती गर्दी असे, बायका पाण्यात कुठल्या पायरीपर्यंत उतरत, नावा कशा घडवलेल्या असत, जत्रेत कोण काय विकत असे, हे कुठल्या सरकारी सर्वेक्षणात लिहिलेलं नसतं. बाधित घरांची यादी करणारा अधिकारी ओसरीचा आकार मोजतो, ओसरीवर कोण कसं बसलंय हे टिपत नाही. वेगडांच्या वह्यांत तेच आहे. सौंदर्यासाठी केलेली रेखाटनं काळाच्या ओघात दस्तऐवज झाली.

छायाचित्रांनी हे काम केलं नसतं का? काही अंशी केलंही असतं. पण छायाचित्र त्या क्षणी समोर असलेलं सगळं घेतं. रेखाटणारा निवडतो आणि निवडायला त्याला तिथे थांबावं लागतं. शंभर घाटांवर थांबलेल्या माणसाला कोणती हालचाल सगळीकडे सारखी आहे आणि कोणती एकाच गावची, हे कळू लागतं. लोकजीवनाचा अभ्यास करणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

दुसरी फेरी

पहिल्या पदयात्रेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, २००२ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर वेगड पुन्हा चालू लागले. या खेपेला पत्नी कांताबेन बरोबर होत्या. आता काठावरच्या बायकांशी त्यांच्या गप्पा जमत, चुलीपर्यंत त्यांना सहज जाता येई आणि त्यामुळे वेगडांच्या लेखनात घरांच्या आतली बाजू अधिक येऊ लागली. ओळखीचे काही घाट नव्हते, काही जागी नदीचा तलाव झाला होता, कुठे पायवाटेच्या जागी डांबरी रस्ता आला होता. नर्मदेच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या ‘नर्मदा समग्र’ या संस्थेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. नदीच्या देखण्या रूपावर लिहिणाऱ्याला तिच्या गढूळ पाण्याबद्दल बोलावं लागणं ओघानंच आलं.

६ जुलै २०१८ रोजी जबलपुरातच, नव्वदीला थोडे महिने उरले असताना, अमृतलाल वेगड गेले.

आज परिक्रमा बसने पंधरा-वीस दिवसांत होते आणि पायी जाणाऱ्यांनाही जलाशयांना लांबचे वळसे घालावे लागतात. १९७७ ची ती पहिली वाट तशीच्या तशी चालणं आता कुणालाच शक्य नाही. म्हणून मराठी वाचकाने वेगडांचं पुस्तक उघडलं की मजकुराआधी एकदा नुसती चित्रंच पाहावीत, सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लिलावाच्या याद्यांत या चित्रकाराचं नाव शोधून फार काही हाती लागणार नाही. पण कारकीर्द म्हणजे एका विषयाशी किती काळ आणि किती जवळून राहिलं याचा हिशोब असेल, तर विसाव्या शतकातल्या भारतीय चित्रकारांत वेगडांची जागा पुन्हा ठरवावी लागेल. तळटिपेत ती मावणारी नाही.